पडलेल्या वाड्याचा फोटो: डिजिटल कॅमेऱ्याने जागांची नोंद ठेवणं स्वस्त कसं केलं?

पुण्यातला शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये जळाला. आग अनेक दिवस धुमसत होती असं सांगतात. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद तेवढे मागे राहिले. आतल्या इमारती नेमक्या कशा दिसत होत्या, किती मजली होत्या, दिवाणखान्यांची रंगरंगोटी कशी होती, हे आज जुनी वर्णनं, हिशेबाचे कागद आणि उरलेली जोती यांवरून जुळवावं लागतं. लुई दागेर या फ्रेंच माणसाचं फोटो काढण्याचं तंत्र जगापुढे आलं ते १८३९ मध्ये. म्हणजे वाडा अवघ्या अकरा वर्षांनी हुकला.

पण फोटोचा शोध लागला म्हणून लगेच सगळ्या वाड्यांचे फोटो निघाले, असं झालं नाही. पुढची दीडशेहून अधिक वर्षं एखाद्या जागेचा फोटो काढायचा म्हणजे कोणीतरी पैसे मोजायचे, आणि पैसे मोजणारा ठरवेल तीच जागा फोटोत येणार. देवळं, लेणी, राजवाडे, पूल आणि रेल्वे स्टेशनं आली. गल्ली, पाणवठा, चाळीची गॅलरी, बाजाराचा दिवस हे क्वचितच आलं. डिजिटल कॅमेऱ्याने हे गणित बदललं.

काच, रसायनं आणि बैलगाडी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फोटो काचेवर किंवा मेण लावलेल्या कागदावर घेत. काचेच्या पद्धतीत काचेला रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत ती काच धुऊन काढायची. म्हणजे अंधारी खोली सोबत घेऊनच फिरायचं. तंबू, बाटल्या, काचा, तिकाटणी आणि हे सगळं वाहणारी माणसं असा तो लवाजमा असे.

मद्रास सरकारने १८५६ मध्ये लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. ट्राइप यांनी बैलगाड्यांमधून सामान नेत मदुराई, तंजावर, श्रीरंगम अशा ठिकाणांचे फोटो घेतले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचा शिलालेख त्यांनी तुकड्यातुकड्याने टिपून सलग जोडला. हे फोटो आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. पण मद्रासला नवे गव्हर्नर आले, चार्ल्स ट्रेव्हेलियन. त्यांना हा खर्च परवडण्यासारखा वाटला नाही आणि ट्राइप यांचा विभाग गुंडाळला गेला. काम चांगलं होतं की वाईट हा प्रश्नच नव्हता, तिजोरीचा प्रश्न होता.

महाराष्ट्रातली गोष्ट अजिंठ्याची. रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं होतं. त्यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठी तैलचित्रं तयार केली. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिल यांनी कॅमेराही हाताळला होता. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक आगीच्या दोन वर्षं आधी, १८६४ मध्ये, लंडनला छापून झालं होतं. फोटोंच्या अनेक प्रती निघाल्या, म्हणून ते टिकले. चित्राची प्रत एकच होती. टिकण्याशी प्रतींचा असलेला हा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

छत्तीसचा रोल

फिल्मचा रोल आल्यावर कॅमेरा घराघरांत पोचला, पण खर्च संपला नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना हिशेब आठवत असेल. रोलमध्ये फोटो ३६, नशीब चांगलं असेल तर ३७ किंवा ३८. रोल विकत घ्यायचा, संपेपर्यंत थांबायचं, स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि प्रत्येक प्रिंटचे वेगळे पैसे द्यायचे. एकाच रोलवर गणपती, वाढदिवस आणि दिवाळी असे. शेवटचे दोन-तीन फोटो ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून कुणाला तरी दारात उभं करून संपवले जात.

अशा वेळी रिकाम्या गल्लीचा फोटो कोण काढणार? घरातल्या जुन्या अल्बममध्ये जागा सापडते ती माणसांच्या पाठीमागे. मुंजीच्या फोटोत मागे वाड्याचा चौक, लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात विहिरीचा काठ. जुन्या घराचा शोध घेणारे आज याच फोटोंच्या कडा भिंगातून पाहतात.

गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी हे गाव याचं बोलकं उदाहरण आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं हे गाव. साळावली धरणामुळे १९८६ मध्ये ते पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, धरणाचं पाणी उतरलं की गावाचे अवशेष वर येतात. विस्थापित कुटुंबं तिथे जमतात, देवळाचा आणि चॅपेलचा उत्सव करतात. पर्यटकही येतात, आणि जोत्यांचे, तुटक्या भिंतींचे, तडकलेल्या मातीचे भरपूर फोटो निघतात. गाव नांदतं होतं तेव्हा मात्र कॅमेरा ही मोजक्या घरांतली चीज होती. फोटोत आता जे येतं ते कुर्डीचं जोतं आहे, कुर्डीचं घर नाही.

बारा चौरस किलोमीटरमध्ये तीन फोटो

साधारण त्याच काळात ब्रिटनमध्ये एक मोठा प्रयोग झाला. इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये जमीनजुमल्याची जी प्रसिद्ध नोंदवही करून घेतली, तिचं नाव ‘डूम्सडे बुक’. तिला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी नोंद करायचं ठरवलं. देशाचे चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे तुकडे पाडले आणि ते शाळांना व स्थानिक मंडळांना वाटून दिले. दहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला, त्यांत शाळकरी मुलं मोठ्या संख्येने होती. मुलांनी गावातली दुकानं, शेती, खेळ, जेवणाच्या सवयी लिहून पाठवल्या.

फोटोंची मर्यादा मात्र कडक होती. एका तुकड्याला जास्तीत जास्त तीन. म्हणजे १२ चौरस किलोमीटरमधलं गाव, शेत, रस्ता, शाळा, कारखाना या सगळ्यांतून तीन दृश्यं निवडायची. एवढ्या मोठ्या मोहिमेतून लोकांनी काढलेले फोटो जमले सुमारे २३ हजार. त्या काळाच्या मानाने ही मोठीच कामगिरी होती. ती पाहायची तर खास संगणक आणि लेझरडिस्क प्लेयर लागे. किंमत सुमारे पाच हजार पौंड. त्यामुळे अनेक शाळांना आपण गोळा केलेली माहिती स्वतःच्या वर्गात पाहता आली नाही.

स्वस्त झालं ते नेमकं काय?

डिजिटल कॅमेऱ्याच्या मुळाशी असलेली सीसीडी ही प्रकाश टिपणारी चिप अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये सुचली. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये तशी चिप वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोहून जास्त, चित्र दहा हजार बिंदूंचं, आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. फिल्म विकणाऱ्या कंपनीतच फिल्म संपवणारं यंत्र तयार झालं. २०१२ मध्ये या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

१९९१ मध्ये कोडॅकचा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा बाजारात आला तेव्हा त्याची किंमत वीस हजार डॉलरच्या आसपास होती आणि फोटो साठवणारा डबा वेगळा खांद्याला अडकवावा लागे. २००३ मध्ये कॅननने लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा एक हजार डॉलरच्या आत आणला. चिपचा दुसरा प्रकार, सीमॉस, कमी वीज खाणारा आणि स्वस्तात बनणारा होता. त्यामुळे पुढे कॅमेरा थेट मोबाइलमध्ये शिरला. भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि फोटो पाठवणंही जवळजवळ फुकट झालं.

तरी खरा फरक कॅमेऱ्याच्या किमतीचा नाही. साधा फिल्म कॅमेरा तर डिजिटलपेक्षा कितीतरी स्वस्त मिळत असे. फरक आहे पुढच्या प्रत्येक फोटोच्या किमतीचा. फिल्मवर शंभरावा फोटो पहिल्या फोटोइतकाच महाग. डिजिटलमध्ये कॅमेरा घेतला की शंभरावा काय, दहा हजारावा फोटोही जवळपास फुकट. एका फोटोची फाइल चार एमबीची धरली तर एक टेराबाइटच्या, खिशात मावणाऱ्या डिस्कवर अडीच लाख फोटो राहतात. तेवढ्याच फोटोंना ३६ चे सुमारे सात हजार रोल लागले असते.

यातून सवयच बदलली. फोटो काढण्याआधी ‘हे फोटो काढण्यासारखं आहे का?’ हा प्रश्न विचारावा लागेनासा झाला. विजेचा खांब, दुकानाची पाटी, एसटीचा थांबा, नाला, कुंपण. काढून ठेवायला हरकत काय? आणि पन्नास वर्षांनी माणसं नेमकं हेच शोधतात. देवळाचा कळस पन्नास वर्षांत फारसा बदलत नाही, त्याच्यासमोरचा रस्ता ओळखू येत नाही.

प्रत्येक चौकोनाचा एक फोटो

स्वस्ताईचा सर्वांत शिस्तबद्ध उपयोग कुठे झाला असेल तर तो पुन्हा ब्रिटनमध्येच. २००५ मध्ये ‘जिओग्राफ’ हा प्रकल्प सुरू झाला. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या नकाशावर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन आधीपासून आखलेले आहेत. त्यातल्या प्रत्येक चौकोनाचा निदान एक, त्या जागेची ओळख पटवणारा फोटो आणि सोबत दोन ओळी माहिती गोळा करायची, एवढीच कल्पना. चौकोन सुमारे ३ लाख ३२ हजार.

सरकारी नोकर नाहीत, मानधन नाही. एखाद्या चौकोनाचा पहिला फोटो देणाऱ्याला एक गुण मिळतो, एवढंच आमिष. त्या एका गुणासाठी लोक दलदलीतून, डोंगरावरून, औद्योगिक वसाहतींच्या मागच्या रस्त्यांवरून फिरले. पर्यटक ज्या चौकोनाकडे कधी वळले नसते, तिथला नांगरलेला माळ आणि पत्र्याची गोदामंही नोंदीत आली. फोटोंची संख्या आज सत्तर लाखांच्या पुढे आहे, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सरासरी वीसहून अधिक. १९८६ च्या मोहिमेत बारा चौरस किलोमीटरला तीनची मर्यादा होती. हेच काम फिल्मवर करायचं तर जवळपास दोन लाख रोल लागले असते, तेही एकही फोटो वाया गेला नाही असं धरून.

या प्रकल्पातला सर्वांत शहाणपणाचा नियम नंतर आला. चौकोनाचा फोटो आधीच असला तरी पाच वर्षांत नवा आला नसेल, तर पुन्हा फोटो देणाऱ्याला वेगळा गुण. त्यामुळे लोक त्याच जागी परत जाऊ लागले. बदल दिसायला किमान दोन फोटो लागतात, आणि दुसरा फोटो काढायला फिल्मच्या काळात क्वचितच कोणी जाई.

काढणं फुकट, ठेवणं नाही

इथे स्वस्ताईची दुसरी बाजू सुरू होते. बीबीसीच्या १९८६ च्या लेझरडिस्क पंधरा-सोळा वर्षांत जवळजवळ निरुपयोगी झाल्या. डिस्क शाबूत होत्या, त्या वाचणारी यंत्रं उरली नव्हती. २००२ मध्ये संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर तयार करून त्यातली माहिती बाहेर काढली. मूळ डूम्सडे बुक मात्र चामड्याच्या पानांवर आहे आणि ९०० वर्षांनंतरही उघडून वाचता येतं. या विरोधाभासाची चर्चा तेव्हा खूप झाली, पण नीट पाहिलं तर दोन्ही नोंदी टिकल्या त्या कोणीतरी त्यांची काळजी वाहिली म्हणून.

दुसरा धडा ‘पॅनोरामियो’चा. स्पेनमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर लोक जगभरातल्या जागांचे फोटो नकाशावर नेमक्या ठिकाणी टाकत. अनेक लहान गावांचे फोटो इंटरनेटवर पहिल्यांदा तिथेच दिसले. गूगलने २००७ मध्ये ते विकत घेतलं, गूगल अर्थवर ते फोटो दिसू लागले, आणि २०१६ मध्ये संकेतस्थळ बंद झालं. ज्यांनी मुदतीत आपले फोटो उतरवून घेतले नाहीत किंवा गूगलच्या दुसऱ्या सेवेत नेले नाहीत, त्यांची नोंद लोकांसमोरून गेली.

‘जिओग्राफ’ने इथे वेगळा मार्ग धरला. तिथे फोटो देणारा सुरुवातीलाच खुला परवाना देतो. नाव द्या, आणि त्याच अटीवर पुढे द्या, की कोणीही फोटो वापरू शकतो व त्याची प्रत ठेवू शकतो. म्हणून त्यातले लाखो फोटो २०१० च्या सुमारास विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहात जसेच्या तसे उतरवता आले. उद्या मूळ संकेतस्थळ बंद पडलं तरी प्रती दुसरीकडे आहेत.

परवान्याचा मुद्दा कोरडा वाटतो, पण तो बाजूला सारता येत नाही. भारतीय कायद्यानुसार फोटोचा स्वामित्व हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आज चाळिशीतल्या माणसाने काढलेला फोटो वारसांना विचारल्याशिवाय पुढची शंभरएक वर्षं छापता येणार नाही, आणि तोवर वारस कोण हे कोणाला माहीत असेल? जिवंतपणी दोन ओळींत परवानगी लिहून ठेवली तर हा गुंता राहत नाही. सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला भारतीय कायद्याची आडकाठी नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

रोजच्या वापरात सर्वांत जास्त नुकसान होतं ते व्हॉट्सअॅपवर. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर तारीख, वेळ आणि मोबाइलमध्ये सोय चालू असेल तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. गावच्या ग्रुपवर फिरणारा ‘आपल्या गावाचा जुना फोटो’ कोणत्या साली, कुठून, कोणी काढला हे सांगता येत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल मूळ रूपात जाते.

महाराष्ट्रात आता काय निसटतं आहे?

मुंबईच्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकूण २०७. खोली १६० चौरस फुटांची, मधे लांब व्हरांडा, संडास सामाईक. गिरणी कामगार, पोलीस, सरकारी नोकर यांच्या पिढ्या इथे वाढल्या. यातल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. रहिवाशांनी मोठं आणि स्वतःचं संडास-न्हाणीघर असलेलं घर मागण्यात काहीच चूक नाही. फोटो काढणं म्हणजे चाळ वाचवणं नव्हे. पण १६० चौरस फुटांत एक कुटुंब कसं मावत होतं, पोटमाळा कुठे होता, पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं, रात्री व्हरांड्यात कोणाची पथारी कुठे पडायची, हे चाळ पडल्यावर नकाशावरून कळणार नाही.

रस्त्यांची नोंद आता कंपन्याही करत आहेत. गूगलची ‘स्ट्रीट व्ह्यू’ सेवा भारतात २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही चार महाराष्ट्रातली होती. गाडी जिथवर जाते तिथवरचे सलग फोटो त्यात आहेत. पण गाडी वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत जात नाही, बोळात शिरत नाही, आणि पॅनोरामियोचा अनुभव पाहता ही नोंद कायम आपल्याला उघडी राहील असं धरून चालता येत नाही.

आतली नोंद करायला आज लागतं ते बहुतेक घरांत आहे. एखादा वाडा किंवा चाळ टिपायची तर अनुभवी नोंदकार आधी बाहेरून चारही बाजू घेतात, मग समोरचा रस्ता दोन्ही दिशांना, मग दारातून आत सरकत प्रत्येक खोली कोपऱ्यातून. शेवटी तपशील, म्हणजे कडी, कोनाडा, जिन्याची पायरी, मीटरचा बोर्ड, भिंतीवर पेन्सिलने केलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा. एखाद्या वस्तूशेजारी मोजपट्टी किंवा नेहमीची वही ठेवली की आकाराचा अंदाज येतो. फोटो सुंदर असण्याची गरज नसते, स्पष्ट आणि सरळ असला की पुरे.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच बहुधा राहून जातं. फाइलचं नाव ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे, असं राहू दिलं तर दहा वर्षांनी काढणाऱ्यालाही तो फोटो कुठला ते आठवत नाही. गाव, पेठ किंवा वाडी, घराचं नाव, तारीख, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, आणि त्या जागेला तिथली माणसं काय म्हणत, एवढं लिहायला एका फोटोला दोन मिनिटं लागतात. माजघर, ओटी, पडवी, परसू, मोरी हे शब्द सांगणारी माणसं घरात आहेत तोवर ती नावं फोटोला लावता येतात. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या गावी किंवा ऑनलाइन ठेवावी, आणि डिस्क काही वर्षांनी बदलावी, असं अभिलेखागारांतले लोक सांगतात. जे फोटो सर्वांना दाखवायला हरकत नाही ते विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्याने टाकता येतात. तिथे वर्णन मराठीतही लिहिता येतं. घराच्या आतले आणि माणसांचे फोटो टाकण्याआधी मात्र त्या घरातल्यांना विचारायला हवं.